बळवंतरावांचा आवाज

बडोद्याच्या डांडिया बाजारात हसमुखभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. त्या शनिवारी मी तिथे फक्त फोनची चार्जिंग पिन साफ करून घ्यायला गेले होते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, हवेत नुकता गारवा आला होता. माझ्यापुढे एक उंच तरुण उभा होता. कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याची लालसर रेघ, आणि हातात जुना फोन... असा धरलेला, की जणू त्याला ताप आहे.

"हसमुखभाई, कंई तो पाछुं आवशे ने?"

काहीतरी परत येईल ना, असं तो गुजरातीत विचारत होता. हसमुखभाईंनी नकारार्थी मान हलवली. "आखो फोन रीसेट थई गयो छे, भाई. कशुंय नथी रह्युं."

त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. मग मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ती ब्लॉगवाली एकदा भेटू दे मला."

मराठी कानावर पडल्यावर गप्प राहणं मला जमत नाही. "कोण ब्लॉगवाली?" मी विचारलं.

"'सोपं करून सांगते' नावाचा ब्लॉग आहे. बाबांचा फोन सारखा अडकत होता. त्यांनी तिचा लेख उघडला आणि एकेक पायरी करत गेले. फोन आता मस्त चालतो. आत काही उरलं नाही, एवढंच."

'सोपं करून सांगते' मीच लिहिते.

मी रसिका गुप्ते. गोत्रीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि त्यात मी चांगली आहे असा माझा समज होता. आईच्या भिशीतल्या बायका फोनबद्दल तेच तेच प्रश्न विचारायच्या, म्हणून चार वर्षांपूर्वी मी मराठीत ब्लॉग सुरू केला. त्यावर माझं नाव टाकलं नाही, नाहीतर अख्खं बडोदं मला फोन करत बसलं असतं.

मी पाठ फिरवून माझा तो लेख उघडला. 'फोन नव्यासारखा कसा करावा.' बारा पायऱ्या, बाणांसकट चित्रं, शेवटी एक हसरा चेहरा. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा, ही पहिली ओळ मात्र कुठेच नव्हती.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"बाबांचा आवाज," तो म्हणाला. "पावसाळ्यात त्यांचं घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. तब्येत आता ठणठणीत आहे, पण बोलता येत नाही. त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायची भारी हौस होती, ते सगळे यात होते."

"तुमच्या फोनवर नाहीत?"

"आम्ही एका घरात राहतो. मला कशाला पाठवतील? आणि व्हिडिओ काढायचे तेच, तेही याच फोनवर."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही... पण बाहेर आलं ते भलतंच.

"त्यांनी पाठवलेलं त्यांच्या फोनमधून गेलं. ज्यांना पाठवलं त्यांच्याकडे असेल ना?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला यातलं कळतं?"

"थोडंसं," मी म्हणाले.

त्याचं नाव विहंग शिर्के. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होता. वडील बळवंतराव, रेल्वेतून निवृत्त. त्यांनी कोणाकोणाला मेसेज पाठवले असतील, असं विचारल्यावर विहंग म्हणाला, "सोपं आहे. ज्याचा नंबर होता त्या प्रत्येकाला."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्ही त्यांचे मित्र लक्ष्मीकांतकाका यांच्याकडे गेलो. काका झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होते.

"रोज सकाळी सात मिनिटांचा मेसेज यायचा," ते म्हणाले. "ऐकत बसलो असतो तर आंघोळ कधी केली असती?"

"म्हणजे तुम्ही एकही ऐकला नाही?" विहंगने विचारलं.

"आता वाटतं, ऐकायला हवे होते," काका म्हणाले आणि शेंगा बाजूला ठेवल्या.

न ऐकलेले मेसेज फोनमध्ये उतरलेच नव्हते, आणि आता उतरतही नव्हते. पण काकांच्या फोनच्या तळाशी एक सापडला, चुकून उघडलेला. मी कळ दाबली आणि खोलीत एक भरदार, खर्जातला आवाज घुमला. बळवंतराव काकांना सांगत होते, की मांडवीजवळच्या अमुक दुकानातला शेव उसळीचा मसाला घेऊ नकोस, त्यात आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही. सात मिनिटं फक्त मसाला. मला हसू आवरेना. विहंगकडे पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते आणि तोही हसत होता.

मग आम्हाला नादच लागला. तो कारखान्यातून सुटला की मला फोन करायचा, आणि त्याने बाबांच्या जुन्या डायरीतून उतरवलेल्या यादीतली नावं आम्ही वाटून घ्यायचो. एका रविवारी सकाळी ट्रेनने करजणला गेलो, त्याच्या नलिनीमावशीकडे. मावशींनी एकूण एक मेसेज जपून ठेवले होते, दोनशेच्या वर.

"भाऊजी एकटेच माझ्याशी मराठीत बोलायचे रे," त्या म्हणाल्या. "इथे शेजारपाजारी सगळं केम छो, मजामा."

मेसेज माझ्या लॅपटॉपवर उतरत होते तोवर मावशींनी मला वाटीभर श्रीखंड दिलं आणि विहंगला विचारलं, "ही कोण रे?"

"रसिका. मदत करते आहे."

"रविवारी? ट्रेनने?" मावशी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी ऊन होतं. शेतांतून कापसाची पांढरी बोंडं मागे पळत होती.

"तुम्ही हे सगळं का करता?" विहंगने विचारलं.

"तुमच्या बाबांचा आवाज आवडला म्हणून."

"फक्त बाबांचा?"

मी लॅपटॉप उघडून फायलींना नावं द्यायला लागले. तीन फायलींना भलतीच नावं दिली होती, ते घरी गेल्यावर कळलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते सांगता येणार नाही. तो मला वासावरून कोणता वायू कसा ओळखायचा ते शिकवायचा. मी त्याला सांगायचे की दुसऱ्याच्या कामातली चूक दाखवताना आधी चहा पाजावा. बळवंतरावांना मी अजून भेटले नव्हते. पण ते कुठे थांबतात, कुठे खाकरतात, 'बरं का' कुठे म्हणतात, हे मला पाठ झालं होतं. आणि रोज सकाळी उठले की ठरवायचे, आज विहंगला सांगायचं. रोज एक नवा आवाज सापडायचा, आणि त्याचा चेहरा असा उजळायचा... की राहूनच जायचं.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून डभोईला गेलो. बळवंतरावांचे रेल्वेतले जुने सोबती प्रतापसिंह तिथे राहत. त्यांच्याकडून सगळे मेसेज घेतले, आणि निघालो तसं अचानक मावठं आलं. आम्ही रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत शिरलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. विहंगने आपलं जाकीट माझ्या खांद्यांवर टाकलं, आणि इयरफोनचं एक टोक माझ्या कानात, एक त्याच्या कानात असं करून आम्ही ऐकायला लागलो.

"प्रतापसिंह, विहंगला नोकरी लागली," बळवंतराव सांगत होते. "त्याला मी एवढंच म्हणालो, की बरं झालं. पण तुला सांगतो, काल रात्री मला झोप नाही आली. पोराला शब्दाने कधी शाबासकी दिली नाही मी. घरात माझं तोंडच चालत नाही, बरं का..."

विहंगने इयरफोन काढला आणि फोन बंद केला. मग म्हणाला, "रसिका, तू नसतीस तर हे मला कधीच कळलं नसतं."

आणि मला ते सहन होईना.

"मी नसते तर हे हरवलंच नसतं," मी म्हणाले. "तो ब्लॉग माझा आहे, विहंग. ती ओळ लिहायची मी विसरले होते."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"हो."

"दोन महिने..."

"हो."

पाऊस थांबल्यावर त्याने मला घरापर्यंत सोडलं. मी जाकीट परत केलं, त्याने घेतलं.

त्या संध्याकाळी मी लेख दुरुस्त केला नाही. नवा लिहिला. वर ठळक अक्षरांत 'माझी चूक' असं लिहिलं. माझ्या लेखामुळे एका घरातून वडिलांचा आवाज गेला, तो परत गोळा करायला किती दारं वाजवावी लागली, आणि तुम्ही आज, आत्ता, आपल्या माणसांचे आवाज कसे सांभाळून ठेवावेत, ते सगळं लिहिलं. खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव टाकलं. दोन दिवसांत तीनशे प्रतिक्रिया आल्या, काही चांगल्याच झोडपणाऱ्या. मी प्रत्येकीला उत्तर दिलं. ज्याची प्रतिक्रिया हवी होती, त्याची आली नाही.

राहिलेले आवाज मी एकटीनेच गोळा केले. एकूण पाचशे बारा. तारीखवार लावून एका पेन ड्राइव्हमध्ये भरले आणि विहंगच्या पत्त्यावर कुरिअर केले.

डभोईला जाऊन दोन आठवडे झाले होते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी अनोळखी नंबरावरून मेसेज आला. 'मी बळवंतराव शिर्के. पेन ड्राइव्ह मिळाला. उंधियू आणला आहे. अकरापर्यंत गच्चीवर ये. पतंग उडवता येत नसेल तरी चालेल.'

त्यांच्या गच्चीवर पोचले तेव्हा आकाश पतंगांनी गजबजलं होतं, पतंग कापला गेला की चहूकडून 'काइपो छे' उठत होतं. पांढऱ्या मिशांचा एक सडसडीत माणूस खुर्चीवर बसला होता. गळ्याशी मफलर, खिशात वही. इतका ओळखीचा आवाज असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मी वाकून नमस्कार केला.

"काका, मला माफ करा."

त्यांनी वही काढून भराभर लिहिलं. 'फोनने मला दोनदा विचारलं होतं, सगळं पुसलं जाईल, नक्की? मी दोनदा हो म्हणालो. मला वाटलं लोकांचे गुड मॉर्निंग पुसले जातील. हे विहंगला सांगायची लाज वाटत होती. तुझा लेख वाचला, मग सांगितलं.'

"तरी ती ओळ मी लिहायलाच हवी होती," मी म्हणाले.

ते हसले, आवाज न करता, सगळं अंग हलवत. पुन्हा लिहिलं. 'पाचशे बारा ऐकतो आहे. फार बडबडत होतो. लक्ष्मीकांत बिचारा.'

मागून विहंग आला. हातात फिरकी, बोटांना चिकटपट्ट्या. वडिलांनी वही खिशात घातली आणि उंधियूची भाजी गरम करायला खाली निघून गेले.

"पाच दिवस राग होता," विहंग म्हणाला.

"आणि नंतरचे नऊ?"

"नंतर फोन कसा करावा ते कळेना. नंदेसरीत गॅस गळला तर काय करायचं ते मला पाठ आहे, यासाठी काही सूचना नव्हत्या." तो थांबला. "तू खोटं बोललीस त्याचं वाईट वाटलं मला, रसिका. ते अजून थोडं वाटतं. पण रविवार आला की तू नाहीस याचं... जास्त वाटतं."

"मी पुन्हा तुझ्यापासून काही लपवणार नाही," मी म्हणाले.

"मग आत्ता काय लपवते आहेस?"

वारा जोरात आला. फिरकीतून मांजा सरसरत सुटला, आणि आम्ही दोघांनीही तो एकदमच धरला.

"करजणच्या गाडीत तू विचारलं होतंस, फक्त बाबांचा आवाज आवडतो का," मी म्हणाले. "फक्त बाबांचा नाही."

त्याने फिरकी कठड्यावर ठेवली आणि चिकटपट्ट्या लावलेल्या हाताने माझा हात धरला. "मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "रविवारीच नाही. सगळे वार."

"मलाही," मी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. "जेवायला येतेस ना? पोळ्या टाकतेय."

"नाही आई, मी जेवूनच येईन."

"कोणाकडे आहेस?"

"विहंगकडे."

"कोण विहंग?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कान देऊन ऐकत होता, गालातल्या गालात हसत.

"सांगते," मी म्हणाले. "गॅस बंद कर आणि जरा बस, आई. अगदी पहिल्यापासून सांगते."