उजव्या कडेबाहेर

नदीन कोवालचुकला त्या उंदरांचा वीट आला होता.

काम तसं सांगायला सोपं. उंदराच्या मेंदूत वास ओळखणारा एक भाग असतो, तिथे सुईनं थेंबभर रंग सोडायचा. मज्जातंतू तो रंग शोषून घेतात आणि स्वतः जिथवर जातात तिथवर वाहून नेतात. काही दिवसांनी मेंदू काढून गोठवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप करायचे आणि निळ्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. हिरवा धागा जिथे थांबला तिथे रस्ता संपला. नदीनला तो भीतीच्या केंद्रात थांबलेला हवा होता. तसं दाखवता आलं तर कॅनडातल्या सॅस्काटूनमधली ही नोकरी टिकणार होती. नाहीतर बर्फ वितळल्यावर सामान बांधून डॉफिनला आईच्या घरी जायचं आणि ‘इतकं शिकून काय केलंस’ हे रोज जेवताना ऐकायचं.

आणि मेला धागा थांबतच नव्हता. भीतीच्या केंद्राला घासून तो पुढे जायचा आणि मेंदूच्या उजव्या कडेशी पोचायचा. तिथे तो विरायचा नाही, फुटायचा नाही. कापडातून दोरा बाहेर काढावा तसा सरळ कडेबाहेर गेलेला दिसायचा.

"काप पालथे लावलेस तू," प्रयोगशाळेचा प्रमुख हॅरल्ड फ्रीसन म्हणाला. त्यानं अंगातला जाड कोटही काढला नव्हता.

हे त्यांच्या धंद्यातलं नेहमीचं पाप होतं. ओला काप कुंचल्यानं काचपट्टीवर घेताना कधी उलटतो कळत नाही, आणि डाव्याचं उजवं होऊन बसतं.

"उलटलेले नाहीत. मी खूण केली होती."

"कसली?"

"कापायच्या आधी प्रत्येक मेंदूच्या उजव्या बाजूला सुईनं भोक पाडलं. सगळ्या कापांत ते उजवीकडेच आहे."

"मग भोकच डावीकडे पाडलं असशील."

याच्या तोंडाला कोण लागणार, असं मनात म्हणत नदीननं सगळं पुन्हा केलं. नवे उंदीर, नवा रंग, नवी भोकं. बाहेर थंडी अशी की गाड्यासुद्धा विजेच्या तारा जोडून ऊब घेत उभ्या होत्या, आणि ही तळघरात डोळे फोडत बसलेली. धागा पुन्हा उजव्या कडेबाहेर गेला. तिनं सूक्ष्मदर्शकाला चार शिव्या हासडल्या, त्यानं काही बरं वाटलं नाही.

एका दुपारी डब्यातल्या गार पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, चावत तिनं कापांची छायाचित्रं भिंतीवर लावली, पिंजरे ज्या क्रमानं ओळीत होते त्याच क्रमानं. एका नजरेत मावेनात म्हणून ती कडेला कड लावून चिकटवली. पहिल्या उंदरातून धागा ज्या उंचीवर बाहेर पडला होता, त्याच उंचीवर तो दुसऱ्याच्या डाव्या कडेनं आत शिरला होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात. डावीकडच्या त्या बारीक रेघेला ती इतके दिवस घाण समजत होती.

भिंतीवर एकच रस्ता होता. तो सगळ्या उंदरांतून गेला होता.

आधी तिला रागच आला. एवढी मेहनत घेऊन ही असली थट्टा हाती लागावी, याचा. भीती नंतर वाटली, पुढच्या खेपेचे उंदीर ठेवले होते त्या पिंजऱ्यांच्या खोलीत गेल्यावर.

"बेव्ह, हे असे का बसलेत?"

उंदरांचं खाणंपिणं बघणारी बेव्ह झाडू थांबवून म्हणाली, "कसे? बसलेत की."

प्रत्येक उंदीर उजवा गाल पिंजऱ्याच्या भिंतीला टेकवून बसला होता.

"शेजारच्या घरातलं भांडण ऐकतायत," बेव्ह हसली. "माझी सासूपण अश्शीच बसते."

"सगळे एकाच बाजूला?"

बेव्हनं पुन्हा एकदा ओळीवरून नजर फिरवली. मग तिचं हसू ओसरलं. "शेवटच्याला तर शेजारीच नाही गं," ती म्हणाली. शेवटच्या उंदरानंही गाल टेकवला होता. त्याच्यापुढे फक्त मोकळी जागा होती, नदीन उभी होती ती.

हॅरल्डनं भिंतीवरची छायाचित्रं बघितली आणि चष्मा पुसला. "त्या शेवटच्याला रंग टोचायचाच नाही," तो म्हणाला. "मेंदू मी काढणार, भोक मी पाडणार, काप मी लावणार. तू कशालाही हात लावायचा नाहीस."

"अवश्य. तुमचेही हात दुखू देत थोडे."

त्यानं तसंच केलं. काप तयार झाले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. तो सूक्ष्मदर्शकावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"आहे?" तिनं विचारलं.

तो बाजूला झाला. तिनं पाहिलं. रंग न टोचलेल्या मेंदूत धागा डावीकडून आत आला होता, उजवीकडून बाहेर गेला होता.

"रंग सांडलाय कुठेतरी," तो शेवटी म्हणाला. "तो हातात धरायचा दिवा दे."

त्यानं तळघराच्या झरोक्यावर पडदा ओढला आणि निळा दिवा टेबलावरून फिरवला. काप करायच्या यंत्राचं पातं, कुंचले, हातमोजे. कुठेच काही चमकलं नाही.

"तोंड इकडे कर. कुठेतरी हात पुसला असशील."

तिनं तोंड पुढे केलं. दिवा तिच्या डाव्या कानशिलाशी येऊन थांबला.

"लागलंय का?"

हॅरल्डनं रुमाल ओला करून तिथे घासलं. पुन्हा पाहिलं.

"जात नाहीये."

"काय जात नाहीये?"

"मान वळव."

तिनं वळवली. त्यानं उजव्या कानशिलावरचे केस बाजूला केले, दिवा अगदी जवळ आणला. काच गरम लागत होती.

"हॅरल्ड, बोला ना काहीतरी."

"धागा या बाजूनं बाहेर पडला नाहीये." त्याचा इतका मऊ आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "थांबलाय गं, नदीन. आतच थांबलाय."

त्यानं दिवा खाली ठेवला, तिच्यासाठी खुर्ची ओढली, प्रेमानं बस म्हणाला, आणि नवे हातमोजे चढवू लागला.