नेढ्याएवढं भोक

आमच्या गॅरेजात दोघंच. इंजिन, क्लच, ब्रेक हे दाजींचं खातं आणि पेट्रोलच्या वाफेची गळती माझं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्या कामाला ते ‘हवेचे रोग’ म्हणतात. “आम्ही दिसतं ते दुरुस्त करतो, आमचा मेहुणा दिसत नाही ते करतो,” असं गिऱ्हाइकांना सांगून आधी स्वतःच हसतात.

पण रोग खरा असतो. टाकीतली वाफ हवेत सुटू नये म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचा सगळा मार्ग बंदिस्त केलेला असतो. झाकण, रबरी नळ्या, वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा डबा, दोन व्हॉल्व्ह. यात कुठेही सुईच्या नेढ्याएवढं भोक पडलं तरी गाडीला कळतं आणि समोर पिवळा दिवा लागतो. गाडी काही अडत नाही. म्हणून बरेच जण दिव्याकडे बघतही नाहीत.

लॅबवाल्या ताई बघत होत्या. गेली दोन वर्षं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायच्या, पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणाऱ्या. तीन गॅरेजं पालथी घालून आमच्याकडे आल्या होत्या. झाकण नवं, दोन्ही व्हॉल्व्ह नवे, डबा नवा. दिवा होता तिथेच.

गाडी ठेवून निघताना त्या दारात घुटमळल्या.

“दादा, अजून एक बघाल? गाडीत कुणी काही बसवलंय का? म्हणजे… ऐकायचं यंत्र वगैरे.”

“कुणाचा संशय आहे का?”

“आईचा,” त्या म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या. “वेडेपणा आहे. अडीच वर्षं झाली, ती अंथरुणातून उठलेली नाही. खुब्याचं हाड मोडलंय. पण मी कुठल्या रस्त्याने आले, कुठे थांबले, गाडीत बसून कुणाशी फोनवर बोलले, सगळं तिला ठाऊक असतं. दिवसभरात गाडीत तेवढी मी एकटी असते हो. तेवढंच माझं.”

मी सीटखाली, डॅशबोर्डमागे, छताच्या कापडाआत सगळीकडे हात घालून पाहिलं. केसांची एक पिन आणि दोन जुनी पेनं सापडली. बाकी काही नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, धुराचं यंत्र लावलं. त्यात तेल तापून पांढरा धूर होतो. तो फुंकरीपेक्षा हलक्या दाबाने गाडीच्या मार्गात सोडायचा आणि टॉर्च घेऊन बघत बसायचं, कुठून बाहेर येतो ते. यंत्राला काचेची एक उभी नळी असते, तिच्यात वाटाण्याएवढी गोळी. धूर आत जात असला की गोळी तरंगते. मार्ग भरला आणि गळती नसली की खाली बसते.

गोळी तरंगतच राहिली. म्हणजे गळती होती.

धूर मात्र कुठेच निघेना. मी गाडी उचलून खालून पाहिलं, प्रत्येक जोडावर उजेड टाकला. पाऊण तास धूर आत जात होता आणि बाहेर एक धागाही नव्हता. एकेक नळी चिमटा लावून बंद करत गेलो, तसा दोष मागे सरकत सरकत टाकीवर आला. टाकी उतरवली, रिकामी करून पाण्यात बुडवली, धूर सोडला. पाण्यात एक बुडबुडा नाही. गोळी तरंगतेच आहे.

दाजी हात पुसत येऊन उभे राहिले. “यंत्र बिघडलंय तुझं.”

मी तेच यंत्र शेजारच्या गाडीला लावलं. दोन मिनिटांत गोळी खाली बसली. दाजी परत आपल्या कामाला लागले.

मी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. सव्वीस वर्षं हे काम करतोय, पेट्रोलचा वास मला येईनासा झाला आहे. पण तिथे दुसराच वास होता. अंगाला चोळायचं मलम, औषधं, आणि बरेच दिवस उन्हात न घातलेली गादी.

तेवढ्यात फोन वाजला. लॅबवाल्या ताई.

“दादा, मला गाडी न्यायला उशीर होईल. घरात धूर झालाय. आईच्या खोलीत. कुठे जळत तर काही नाही, पण पांढरा धूर येतोय.”

“कुठून येतोय?”

“भिंतीतून. पलंगाला लागून भिंत आहे ना, उशीच्या वर. अगदी बारीक धार आहे.”

मी यंत्राकडे पाहिलं. मग का कोण जाणे, बटण बंद केलं.

“आता?”

काही क्षण गेले. “थांबला.”

मी बटण चालू केलं. काहीही बोललो नाही. गोळी वर उचलली गेली.

“परत आला,” ताई म्हणाल्या.

पाचदा केलं. पाचही वेळा तेच. त्यांचं घर आमच्या गॅरेजपासून सहा किलोमीटरवर होतं.

दुपारी दाजींना एवढंच म्हटलं की गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो. ते दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खिडकी होती, पण जाड पडदा ओढलेला. पलंगावर म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी आल्याचं तिला कळलं असावं. मान न वळवताच म्हणाली, “तूच का रे तो हवावाला?”

“हो आजी.”

“काल गाडीत हात घालून काय शोधत होतास? सीटखाली, छताला?”

दारात उभ्या असलेल्या ताईंनी चौकट घट्ट धरली. मी काल काय केलं ते मी त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

भोक उशीच्या वीतभर वर होतं. चुन्यावर पेन्सिलीचं टोक टेकवावं तेवढं. त्याच्याभोवतीचा रंग मात्र झिजून गुळगुळीत झालेला, वाटीएवढा, जणू तिथे रोज कुणी गाल टेकवत असावं. पलीकडे जिना होता. जिन्यात जाऊन मी भिंत बोटांनी चाचपली. सपाट, अखंड. मग आत येऊन भोकात बारीक तार घातली. भिंत फार तर वीतभर जाडीची असेल. तार गेली, जात राहिली, हातभर गेली, दोन हात गेली. कशालाही टेकली नाही. बाहेर ओढली तर टोक ओलं होतं. मी बोट लावलं. बोट थंडगार पडलं आणि बघता बघता कोरडं झालं.

पेट्रोल.

“तिथून रस्त्याचा वास येतो,” म्हातारी म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. डोळे लहान, अगदी स्वच्छ. “आधी नुसता वास यायचा. मग ऐकू यायला लागलं. ही पुलावरून आली की कळतं. सिग्नलला थांबली की कळतं. त्या माणसाशी हळू बोलते, तेही कळतं.”

“आई, पुरे,” ताई म्हणाल्या.

“मी काय वाईट करते? पोरीबरोबर असते, इतकंच.” मग मला म्हणाली, “बुजवायला आलास ना?”

मी सरळ उत्तर दिलं. म्हटलं, “आजी, ही वाफ छातीत जाणं वाईट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची छाती आधीच नाजूक असते.” हे खरंच होतं. कुठल्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं. आत काय आहे, तार कुठे गेली, याचा विचार मी करत नव्हतो. गळती सापडली होती आणि गळती बुजवायची असते, इतकंच मला कळत होतं.

ताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. गॅसच्या शेगडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

“बुजवा, दादा. आजच.”

धातूच्या टाक्यांना लावतो ते दोन डब्यांतलं पुट्टीसारखं लुकण माझ्या पिशवीत होतं. ते कालवून भोकात दाबलं. पहिल्या खेपेला भोकाने ते आत ओढून घेतलं, बोटाखालून गेलेलं जाणवलं. दुसऱ्या खेपेला घट्ट कालवून भरलं आणि अंगठा दाबून धरला. पाच मिनिटं. तेवढ्या वेळात म्हातारीने एकदाही डोळे मिटले नाहीत.

“आता मी हिच्याबरोबर कशी जाऊ?” ती म्हणाली. रागाने नाही. बस चुकलेलं माणूस विचारतं तसं.

संध्याकाळी टाकी परत बसवली, यंत्र लावलं. दोन मिनिटांत गोळी खाली बसली आणि हलली नाही. दिवा गेला. दाजींनी पाठीवर थाप मारली. “झाला की नाही रोग बरा!”

पाचव्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, फुप्फुसं थकली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ताई रडत नव्हत्या. पडदा काढलेला होता, खोलीत ऊन आलं होतं. मी भिंतीकडे बघायचं टाळलं, पण बघितलंच. लुकण जागेवर होतं. त्याच्यावर नखांचे ओरखडे होते.

“शेवटच्या रात्री फार धडपडली,” ताई म्हणाल्या. “हवा नाही, हवा नाही, म्हणत होती. खिडकी उघडली तरी भिंतीकडेच वळत होती.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मीच सांगितलं होतं.”

लावून घेतलं नाही असं म्हणणं खोटं होईल. त्या महिन्यात मला झोप कमी लागायची. बहिणीने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

महिन्याने गाडी पुन्हा तपासायची असं मी सांगून ठेवलं होतं. ताई सकाळी नऊला आल्या. केस कापलेले, चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. गाडी छान चालते म्हणाल्या, दिवा लागला नाही. फक्त हल्ली गाडीत एकटं वाटत नाही, म्हणाल्या, आणि सवय मोडायला वेळ लागतो असं स्वतःच उत्तर दिलं. मी चहा मागवला. त्या दारापाशी फोनवर बोलत उभ्या राहिल्या.

मी यंत्र लावलं. गोळी वर आली, मार्ग भरला, गोळी खाली बसली. दहा मिनिटं वाट पाहिली. ठीक होतं सगळं. मी बटण बंद केलं आणि नळी काढायला वाकलो.

गोळी हलली.

यंत्र बंद होतं. मी बटण पुन्हा पाहिलं. वायर भिंतीतून काढली.

गोळी सावकाश वर गेली. सावकाश खाली आली. थोडी थांबली. पुन्हा वर.

गॅरेजात वारा नव्हता. दाजी पलीकडे चाक फिरवत होते, त्याची घरघर ऐकू येत होती. मी जमिनीवर बसून त्या काचेकडे बघत होतो. वर, खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीकडे बघावं तसं.

दारातून ताईंचा आवाज आला. त्यांनी तो अगदी हळू केला होता, तरी मला ऐकू आला.

“नाही, आता इथे कोण आहे माझं? घराला कुलूप लावते. गाडी घेऊन सरळ तुझ्याकडेच येते. कायमची.”

गोळी वर गेली आणि तिथेच थांबली.

मला वाटलं अडकली. काचेवर टिचकी मारली. ती थरथरली, पण खाली आली नाही. ताई बोलत होत्या तोवर ती तशीच अधांतरी राहिली, दाराआड उभं राहून कुणी श्वास रोखून धरावा तशी.

फोन बंद करून ताई आत आल्या. हसत होत्या.

“झालं का दादा? गळती नाही ना कुठे?”

“नाही,” मी म्हणालो. “आतलं काहीच बाहेर जात नाही.”