गुणाजीचा तळपाय

डॉक्टर हेरंब करंदीकर फणसवाडीहून परळच्या इस्पितळात यायचे ते खिशात टाचण्यांची डबी घेऊनच. लुळ्या पायाची परीक्षा टाचणीनं करायची, दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता.

गुणाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. कुत्रा चावला म्हणून पोटात इंजेक्शनं घेतली आणि ती संपता संपता कमरेखालचं अंगच गेलं. ती लस तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून करत. मेंढीचा मेंदू आणि माणसाचा, फरक तो कितीसा! शरीराचे पहारेकरी परक्यावर धावले आणि घरच्याच मज्जातंतूंवर तुटून पडले.

"डॉक्टरानू, मी परत साच्यार उभो ऱ्हवतलंय ना?"

डॉक्टरांनी त्याच्या तळपायात टाचणी खुपसली. गुणाजी ढिम्म. दारापाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, मात्र झटकन पाय वर घेतला.

"काय झालं?"

"मुंगी चावली वाटता."

दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला मुद्दाम व्हरांड्यात बसवलं. टाचणी टोचली आणि बाहेर जेवणाचा डबा खणकन पडला. डॉक्टर चिडले. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एक उपाय त्यांच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. लशीतल्या ज्या प्रथिनानं घोटाळा केला, त्याचाच बारीकसा तुकडा अगदी थोडा थोडा टोचायचा. चाळीच्या गुरख्याला नव्या बिऱ्हाडाची ओळख करून द्यावी तसं. तोंडओळख झाली की तो काठी उगारत नाही. आजवर कुणावर करून पाहिलेलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. गुणाजीनं बायकोकडे पाहिलं.

"टोचा," तीच म्हणाली. "काय होवचा ता होवंदे."

गुण आला. आधी अंगठा हलला, मग एके सकाळी टाचणी लागताच गुणाजी "आई गो!" म्हणून ओरडला. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी वॉर्डभर पेढे वाटले.

शेवंती आता पाय झटकत नव्हती. एकदा तर ती एकच चप्पल घालून आली. दुसरी वाटेत कुठे निसटली, तिला कळलंच नव्हतं. सगळे हसले, तीही हसली.

घरी सोडायच्या दिवशी नेमका हरताळ. रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आणि जिकडे तिकडे काचांचा खच. गुणाजी कॉटवर बसून पैरण चढवत होता. एकाएकी तो किंचाळला आणि त्यानं उजवा तळपाय दोन्ही हातांत धरला.

डॉक्टरांनी पाय उलटून पाहिला. साधा ओरखडाही नव्हता.

थोड्या वेळानं शेवंती आली. हातात नवऱ्यासाठी नव्या कोऱ्या वहाणा, स्वतः अनवाणी. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तिच्यामागून एकाच पायाचे लाल ठसे उमटत आले होते.

"असे काय बघतास?"

डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं. उजव्या तळव्यात काचेचा तुकडा खोल रुतला होता. रोग्यासमोर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. चिमटा काचेला लागला आणि हात थांबला.

"ओढा वो," शेवंती म्हणाली. "माका काय दुखणा नाय."

त्यांनी मागे वळून पाहिलं. गुणाजीनं कॉटची दांडी घट्ट धरली होती, आणि तो मान हलवून नको, नको म्हणत होता.