चौदाचा आकडा

रोपवेच्या पाळण्यात तो आधीच बसला होता. बसला कसला, कोपऱ्यात अडकलाच होता. सहा जोड स्की, कानशींची पेटी आणि मांडीवर पावाची पिशवी. आफ्राने आत पाय टाकला, दार लागलं आणि पाळणा हिमनदीकडे वर निघाला. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. खाली टिरोलची खेडी धुक्यात बुडालेली, वर मात्र कोरडं, स्वच्छ ऊन.

ती उभीच राहिली. बसून उठताना गुडघा कुरकुरायचा, आणि ते कुणाला दिसलेलं तिला नको होतं.

"उजव्या पायावरही उभी राहा की," तो म्हणाला. "तोही तुझाच आहे."

आफ्राने वळून बघितलं. "आपली ओळख आहे का?"

"नाही."

"मग 'तू' कशाला?"

"हजार मीटरच्या वर 'तुम्ही' कोण म्हणतं? खाली उतरलो की म्हणेन. हवं तर वाकून म्हणेन."

डोंगरातला रिवाजच तो. तिच्या आजोबांनी एकदा वर भेटलेल्या मंत्र्यालाही 'तू' म्हटलं होतं.

"पायाचं कसं कळलं?"

"डाव्या बुटाचा तळ झिजलाय, उजवा जवळजवळ कोरा आहे. ऑपरेशनला किती महिने झाले?"

"नऊ... तू डॉक्टर आहेस का?"

"छे. मी पाव घेऊन चाललोय."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली. त्याने पिशवीतला एक पाव काढून पुढे केला. अजून कोमट होता.

वर पोहोचल्यावर युटा, त्यांची प्रशिक्षक, दोघांना एकत्र उतरताना बघून म्हणाली, "बरं झालं, भेटलात. आफ्रा, हा कास्पर. ओस्विन निवृत्त झाला ना, आता तुझ्या स्कीचं काम हाच बघेल."

"आधी सांगायचंस की," आफ्रा त्याला म्हणाली.

"सांगितलं असतं तर पाव मागून घेतला असतास. असा, आपणहून द्यायला मिळाला नसता."

आफ्रा सव्वीस वर्षांची होती. जानेवारीत एका शर्यतीत ती पडली, स्की पायातून सुटली नाही, पाय तिच्याबरोबर पिळला गेला आणि गुडघ्यातला बंध फाटला. डॉक्टरांनी मांडीतला तुकडा घेऊन नवा बंध बसवला. आता संघात एकच जागा उरली होती आणि तिघी जणी रांगेत होत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी निवड. ती हुकली, की संघातून नाव कमी आणि मामाच्या लाकडाच्या वखारीत बसून फोन घ्यायचे. मामा चांगला होता. पण आफ्राला वखारीच्या नुसत्या विचाराने घुसमटायला व्हायचं.

स्कीवर बूट धरून ठेवणारा एक खटका असतो. तो किती जोर आल्यावर सुटावा, हे मागच्या स्क्रूने ठरतं, आणि काचेखाली आकडा दिसतो. आकडा कमी, तर स्की लवकर सुटते. रोज सकाळी खेळाडूने आकडा मोठ्याने सांगायचा, मेकॅनिकने स्क्रू फिरवून तोच आकडा परत म्हणायचा. खेळाडूने वाकून काचेत बघायचं नाही. बघितलं, तर ते मेकॅनिकच्या थोबाडीत मारल्यासारखं.

पहिल्या आठवड्यात आफ्रा दहा म्हणाली, मग बारा. पाय हळूहळू ऐकायला लागला होता. एका सकाळी तिने हातमोजे घातले आणि थांबली.

"हे गरम कसे?"

"माझ्या कोटात होते."

"सगळ्या मुलींचे ठेवतोस?"

"कोटाला खिसे दोनच आहेत," कास्पर म्हणाला आणि तिच्या स्कीची कड अंगठ्याच्या नखावर तपासायला लागला. नख सोलून निघालं, पण त्याने वर बघितलं नाही.

निवडीच्या आधीचा बुधवार. उताराच्या माथ्यावर, सुरुवातीच्या फळीपाशी कास्पर गुडघ्यावर बसला होता.

"चौदा," आफ्रा म्हणाली.

त्याचा हात थांबला. "बारावर चांगलं चाललंय."

"चौदा, कास्पर."

"...चौदा," तो म्हणाला. स्क्रू फिरल्याचा आवाज आला.

आफ्रा निघाली. वळणांसाठी उतारावर रोवलेल्या झेंड्यांतल्या नवव्याला, उजव्या पायावर पूर्ण भार आला असताना स्की निघून गेली. आफ्रा आडवी झाली, घसरली, जाळीत जाऊन अडकली. वरून युटाची शिट्टी ऐकू आली. तिने पाय दुमडला. सरळ केला. पुन्हा दुमडला. काही झालं नव्हतं. मग लंगडत जाऊन तिने स्की उचलली आणि कधी केलं नव्हतं ते केलं. काचेत बघितलं.

अकरा.

दुपारी ती हॉटेलच्या तळघरात उतरली. तिथे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचा आणि ते पसरवणाऱ्या तापलेल्या इस्त्रीचा वास भरला होता. कास्पर एकटाच होता.

"अकरा," ती म्हणाली.

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "हो."

"तोंडाने चौदा म्हणालास."

"हो."

"ऐंशीच्या वेगात पडले मी!"

"माहीत आहे. वरून बघत होतो." तो जरा थांबला. "जानेवारीत स्की सुटली नव्हती. मला वाटलं, या वेळी पडलीस तर वेळेवर सुटावी."

"मी पडतच नव्हते! सुटली म्हणून पडले."

"हो."

तो सबब सांगेना, त्यामुळे तिला जास्तच राग आला. "असं का केलंस पण? मूर्ख तर तू नाहीस!"

"आता आहे," कास्पर म्हणाला. "बारा वर्षं हे काम करतोय. स्की हातात घेतली की उतार दिसतो, बर्फ दिसतो. तुझी घेतली की... गुडघा दिसतो. गुडघासुद्धा नाही. तूच दिसतेस."

तीन आठवडे आफ्रा असलंच काहीतरी ऐकायची वाट बघत होती. आणि ते आलं ते असं, अकराच्या आकड्याला चिकटून.

"बोलायला फार वाईट दिवस निवडलात तुम्ही," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

शुक्रवारी जेवताना युटा तिच्यासमोर येऊन बसली. सूपमधला चीजचा गोळा चमच्याने फोडत म्हणाली, "तो स्वतः येऊन सगळं सांगून गेला. वर हेही म्हणाला, की तुझं काम यापुढे त्याला देऊ नका. सोमवारपासून तो पुरुषांच्या संघाकडे जाईल. उद्याचं तू सांग. ओस्विनला फोन करू? येईल तो, पाईप ओढत."

आफ्राने सूपची वाटी बाजूला सारली.

"आणि मला एक सांग, चौदाच का?"

"पूर्वी चौदा असायचा."

"पूर्वी म्हणजे फाटायच्या आधी. तो बघतो तुझं पुढचं पडणं, तू बघतेस मागचं जिंकणं. उद्याच्या उताराकडे कुणी बघणार आहे की नाही? उद्याचा आकडा किती?"

आफ्राने खरंच विचार केला. पायात किती जोर आलाय, बर्फ किती कडक असेल, नवव्या झेंड्याशी किती ओढ बसली होती. गेल्या नऊ महिन्यांत तिने पायाला असं सरळ काही विचारलं नव्हतं. नुसता हुकूम सोडत होती.

"चौदाच," ती शेवटी म्हणाली. "आणि कास्परच लावेल."

"दोघं वेडे आहात," युटा म्हणाली आणि तिने मीठ मागितलं.

शनिवारी आकाश निरभ्र होतं. कास्पर तिच्या पायाशी बसला. रात्री झोपला नसावा.

"चौदा."

स्क्रू फिरला. तेरापर्यंत आला आणि हात थांबला.

"कास्पर," ती हळूच म्हणाली, "भीती मलाही वाटते. पण ती माझी आहे. ती घेऊन मलाच उतरू दे."

त्याने मान हलवली. स्क्रू फिरला. "चौदा," तो म्हणाला. "बघ वाकून. बघच तू."

तिने बघितलं नाही. काठ्या रोवल्या आणि निघाली.

पहिले चार झेंडे ती जपून गेली. पाचव्याला जपणं सोडलं. नवव्याला उजव्या पायावर सगळा भार आला, स्कीने बर्फ धरला, पायाने स्की धरली... आणि ती पुढे गेलेली होती. त्यानंतरचं तिला फारसं आठवत नाही. खाली फलकावर तिचं नाव सर्वांत वर लागलं, सेकंदाच्या शंभरातल्या सात भागांनी. बाकीच्या दोघींनी येऊन मिठी मारली. त्यांतली एक रडत होती, आणि आफ्राला तिचं रडणं पुरतं कळत होतं.

कास्पर सगळ्यांचे कोट खांद्यावर टाकून स्कीवरून उतरला, आणि अगदी सपाटीवर, काही कारण नसताना, तोंडावर आपटला. कोट चारी दिशांना.

"आकडा जास्त झाला वाटतं," आफ्रा म्हणाली.

"हस. तुझा दिवस आहे." तो उठून बर्फ झटकायला लागला. "पण आफ्रा, आज लावला तसा मला रोज लावता येणार नाही. तुझ्या स्की मी सोडल्या."

"युटाने सांगितलं. आणि मला?"

"तुला काय?"

"मलाही सोडलंस का? नीट सांग. बुधवारी अर्धंच बोललास."

"तू अर्ध्यावरून निघून गेलीस."

"आता कुठे जाणार नाही. पाय दमलाय."

कास्परने कोट गोळा करायचं थांबवलं. "तुझ्यावर प्रेम आहे माझं," तो म्हणाला. "म्हणून काम सोडलं. उद्यापासून इतरांसारखा खाली उभा राहीन. हात चोळत, काही करता न येता."

"फार वाईट असतं ते. माझी आई दहा वर्षं उभी आहे." आफ्राने त्याच्या भुवईवरचा बर्फ अंगठ्याने पुसला. "उद्या घरी जेवायला ये. ती विचारेल, काय करतोस म्हणून."

"काय सांगू?"

"सांग, तुमच्या मुलीच्या स्कीचं काम करायला मी साफ नकार दिला. तिला फार आवडशील. ती इतकी वर्षं असाच कुणीतरी शोधतेय."

"आणि तुला?"

तिने उत्तर दिलं, पण ते शब्दांत नव्हतं. दुसऱ्या दोघींनी शिट्ट्या वाजवल्या.

"झालं असेल तर झेंडे उपटायला लागा!" वरून युटा ओरडली. "दुपारी मुलांचा संघ यायचाय!"

दोघं उतार चढायला लागले. कास्परने सहा दांडे उपटून खांद्यावर घेतले आणि आफ्राचे घ्यायला हात पुढे केला. मग स्वतःच तो मागे घेतला. आफ्राने आपले सहा उचलले आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.