डावखुऱ्या पाकळ्या

सफरचंदाच्या पेटीत फळांखाली जांभळ्या पुठ्ठ्याचे, खळग्याखळग्यांचे ट्रे असतात ना, त्यांच्यावरून आमची ओळख झाली.

लोणावळ्याच्या बाजारात पप्पूभाऊंच्या फळांच्या गाडीपाशी मी एका हातानं छत्री आणि दुसऱ्या हातानं ओढणी सावरत उभी होते. आषाढ निम्मा सरला होता. पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येत होता.

"भाऊ, रिकामे ट्रे आहेत का?" मी विचारलं.

"भाऊ, माझे ट्रे ठेवलेत ना?" माझ्या खांद्यामागून कुणीतरी विचारलं.

मी वळून पाहिलं. पिवळा रेनकोट, पावसानं आंधळा झालेला चष्मा, आणि त्याच्याआडून माझ्या दिशेनं अंदाजानं बघणारे दोन डोळे.

पप्पूभाऊंनी ताडपत्रीखालून गठ्ठा काढला. "येवढंच हायेत. दोघं वाटून घ्या. माज्या गाडीवर भांडण नको."

"यांना आधी द्या," तो म्हणाला. मग, राहवलं नाही म्हणून, "तुम्हाला कशाला हवेत?"

"फुलं वाळवायला."

"ह्यात?"

"साखरेची फुलं. केकवरची. पाकळी ओली असताना खळग्यात ठेवली की तिला बाक येतो." मी जरा ताठपणेच सांगितलं. "आणि तुम्हाला?"

"दात वाळवायला."

मी हसले नाही. हसायची सवय गेली होती. पण ओठांचं काहीतरी झालं असावं, कारण तो घाईनं म्हणाला, "खरंच. भांगरवाडीत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, मी त्यांचे प्लॅस्टरचे साचे करतो, त्यावरून कवळ्या. साचे ह्या खळग्यांत मस्त बसतात." तो चष्मा पुसत थांबला. "म्हणजे बघा... लोकांनी तुमचं खाल्लं, की ते माझ्याकडे येणार. आपण एकाच धंद्यातले."

पप्पूभाऊ मोठ्यांदा हसले. मी माझे ट्रे उचलून निघाले. वलवणला घरी येऊन गठ्ठा सोडला, तर माझ्या वाट्याला निम्म्यापेक्षा बरेच जास्त आले होते.

आई वैशाखात गेली.

'रतनताईंची फुलं' म्हटलं की तळेगावापर्यंतच्या बेकऱ्यांना वेगळं काही सांगावं लागत नसे. मी पुण्याला राहायचे. लहानपणी तिच्या टेबलाशी बसून जे शिकले, तेवढंच मला येत होतं. ती गेल्यावर तिच्या सगळ्या ऑर्डरी मी फोन करून रद्द केल्या. एक मात्र करता आली नाही. तिच्या मैत्रिणीच्या मुलीचा, समीक्षाचा, श्रावणात तळेगावला साखरपुडा होता आणि केकसाठी आईनं अनंताची तीन फुलं कबूल केली होती. कपाट आवरताना ती मला तांदळाच्या डब्यात सापडली. तांदळात तारा खोचून तीन फुलं उभी होती. मधली कळी झालेली, आतल्या पाकळ्यांची ओळ झालेली, बाहेरच्या पाकळ्या राहिलेल्या.

"अगं, आम्ही खरी फुलं लावू," समीक्षाची आई फोनवर म्हणाली. "तू कशाला त्रास करून घेतेस?"

"नाही काकू, ती मी पुरी करते," मी म्हटलं.

पुरी करायची, तळेगावला पोचवायची, आणि मग घराला कुलूप लावून पुण्याला परत जायचं. माझं एवढंच ठरलं होतं.

आईची हत्यारं टेबलावर तशीच होती. पाकळ्या कापायचे पत्र्याचे साचे, शिरा उमटवायचा रबरी ठसा, दोन्ही टोकांना गोळी असलेली काडी. मऊ फोमवर पाकळी ठेवून तिच्या कडेवरून ही गोळी फिरवली की कड कागदासारखी पातळ होते आणि आपली आपण लहरते. हे सगळं मला जमत होतं. वाळणं तेवढं जमत नव्हतं. संध्याकाळी खळग्यांत छान बाकदार ठेवलेल्या पाकळ्या सकाळी तळाशी लोळत पडलेल्या असत. जवळच्या धरणावरून येणारं धुकं खिडकीच्या फटीतून आत शिरायचं आणि साखर ते पिऊन टाकायची. अशानं आईची फुलंही ओल धरतील, या भीतीनं मी तो तांदळाचा डबा दिवसातून कितीदा तरी उघडून बघत होते.

एका सकाळी बेल वाजली. पिवळा रेनकोट.

"पप्पूभाऊंनी पत्ता दिला. उरलेले ट्रे आणलेत," तो म्हणाला. "मी प्रज्ञेश."

"यशोधरा. आधीच मला जास्त दिलेत तुम्ही."

"कळलं वाटतं?"

"कळलं."

त्याची नजर टेबलावरच्या पाकळ्यांकडे गेली. विचारून आत आला, वाकून बघितलं. "ह्या झोपल्यात."

"रोजच झोपतात."

"पावसात प्लॅस्टरही असंच करतं. म्हणून मी लॅबमध्ये हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलंय. बादली भरून पाणी काढतं. तुम्ही तिकडे या ना वाळवायला." मग तो घाईघाईनं म्हणाला, "भामाआत्या असते तिथं दिवसभर. म्हणजे... तुम्हाला काही वाटेल म्हणून सांगितलं."

"मला काय वाटेल?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तांदळाचा डबा मांडीवर घट्ट धरून मी रिक्षानं भांगरवाडीला गेले. लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका फळीवर जबडे. त्यानं दुसरी फळी माझ्यासाठी रिकामी केली. तिथली हवा खरंच कोरडी होती. दार लावलं की पाऊस नुसता ऐकू यायचा.

भामाआत्या कुरवंड्याहून भाच्याचं घर सांभाळायला आल्या होत्या. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"रतनची लेक व्हय गं तू? तुजी आई भेटायची मला बाजारात. लय बोलकी. तू न्हाईस तशी."

"आत्या," प्रज्ञेश पुटपुटला.

"तू गप रं. माज्या तोंडात ह्येनं केल्यालं दात हायेत बाई, म्हणून मला ह्येच्याबद्दल वाईट काय बोलता येत न्हाई. पर पोरगं कामाचं हाय. तुजं लगीन झालंय का?"

प्रज्ञेशच्या हातातला मेणाचा तुकडा खाली पडला. तो शोधायला तो टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

"नाही झालं, आत्या," मी म्हटलं. टेबलाखाली ऐकू जाईल, इतपत आवाजात. का म्हटलं, कुणास ठाऊक.

मग मी रोजच जाऊ लागले. तो मेणाचे दात कोरायचा, मी पाकळ्या लाटायचे. मेण कोरायचं त्याचं एक बारीक, चमच्याच्या टोकाचं हत्यार मला फार आवडलं. पाकळीच्या बुडाशी खोलगट दाब द्यायला त्याच्याइतकं नेमकं माझ्याकडे काही नव्हतं. मी ते मागितलं की तो धुऊन, पुसून, दांडा माझ्याकडे करून द्यायचा. परत घेताना मात्र त्याला दांडा सापडायचा नाही, बोटं सापडायची.

एका दुपारी मी जेवून परत आले, तर तो फळीसमोर अपराध्यासारखा उभा होता.

"लवकर वाळतील म्हणून मी... साचे सुकवायच्या दिव्याखाली ठेवल्या. तुमचा वेळ वाचेल म्हणून."

पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होऊन ट्रेला चिकटल्या होत्या. मी एक सोडवायचा प्रयत्न केला, तर पाकाची तार निघाली.

"चिक्की झाली," मी म्हटलं.

"लोणावळ्यात शेवटी सगळ्याचं तेच होतं," तो खालच्या मानेनं म्हणाला.

आणि मी हसले. इतकी, की स्टूल ओढून बसावं लागलं. वैशाखापासून माझा हा आवाज मी ऐकला नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "अजून एक ट्रे जाळू का?"

नव्या पाकळ्या केल्या. त्या नीट, टणक वाळल्या. आता त्या आईच्या फुलांना जोडायच्या होत्या. आणि तिथंच सगळं अडलं.

पाकळी बसेना. आतल्या ओळीला लावली की ती मागे रेलायची, फटीतून तार दिसायची. दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येक पाकळी नुकतं भांडण झाल्यासारखी तोंड फिरवून उभी. मी तारा सोडवल्या, पुन्हा लावल्या. आईचं फूल मोडेल, म्हणून मी ते तांदळात परत खोचलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

प्रज्ञेशनं हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि विचारलं, "मी नुसतं बघू?"

त्यानं फुलाला हात लावला नाही. डब्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"तुमची आई डावखुरी होती?"

"हो."

"मीही आहे." त्यानं डाव्या हाताचा अंगठा हवेत वळवून दाखवला. "तुमच्या पाकळ्या उजवीकडे वळतात. यांच्या डावीकडे. अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूला पीळ."

आई डावखुरी, हे मला माहीत होतं. शाळेत तिनं त्यासाठी छड्या खाल्ल्या होत्या. पण तिचा हात फुलात असा राहून गेला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी डाव्या हातानं करून पाहिलं. माझा अंगठा ऐकेना. पाकळ्या फाटल्या.

"मी वळवू?" तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी वळवतो. नको असेल तर नको."

त्या फुलांना मी दुसऱ्या कुणाचं बोटही लागू दिलं नव्हतं. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. मी साखरेची पेस्ट लाटली, पाकळी कापली, गोळी फिरवून कड पातळ केली आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"बुडाशी दाब. हळू. आता कड बाहेर... थोडी. फार नाही."

"अशी?"

"अशी."

त्याच्या अंगठ्याखाली पाकळी डावीकडे वळली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढंच केलं. वाळल्यावर पहिली पाकळी आईच्या ओळीला लावली, ती कुशीत शिरल्यासारखी बसली. त्यानं बघितलं नाही माझ्याकडे. फूल फिरवून धरलं फक्त.

आतल्या एका पाकळीवर आईच्या नखाची बारीक कोर उमटलेली होती. सगळ्या खुणा घासून गुळगुळीत करणं हे त्याचं रोजचं काम. सवयीनं त्याचं हत्यार तिकडे गेलं, आणि मी ओरडायच्या आत आपणहून थांबलं.

"हे राहू दे ना?" त्यानं विचारलं.

"राहू दे."

बहुधा त्याच क्षणी मला कळलं. पण कळलेलं सगळं लगेच बोलायचं नसतं.

"फुलं झाली की तुम्ही पुण्याला?" शेवटच्या फुलाच्या वेळी त्यानं विचारलं.

"ठरलंय तसं."

त्याचा अंगठा थांबला. "मग सावकाश करतो," तो म्हणाला.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही त्याच्या गाडीतून फुलं तळेगावला नेली. खड्डा आला की तो गाडी अशी चालवायचा, जणू मागच्या सीटवर बाळंतीण आहे. कार्यालयात केक मांडलेला होता. मी तिन्ही फुलं बसवली. समीक्षाची आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

नवऱ्या मुलाची मावशी जवळ आली. "रतनताई गेल्या म्हणतात. मग ही फुलं कुणी केली?"

"सुरुवात आईनं केली," मी म्हटलं. "पुढचं आम्ही दोघांनी."

"जोडीनं करता होय? बरं दिसतं. माझ्या धाकट्याचं लग्न आहे मार्गशीर्षात. त्याच्या केकला द्याल का करून?"

मी प्रज्ञेशकडे पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

"देऊ की," मी म्हटलं.

केक कापण्याआधी समीक्षानं फुलं अलगद काढून घेतली. काकूंनी त्यातलं एक माझ्यापुढे धरलं. "हे तू ठेव, बाळा. आईची आठवण."

हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. "नको काकू. तिनं समीक्षासाठी केली होती. तिन्ही तिलाच असू देत."

कार्यालयाच्या दारापाशी आम्ही पाऊस उणावायची वाट बघत उभे राहिलो.

"मावशी जोडी म्हणाल्या," प्रज्ञेश म्हणाला.

"ऐकलं मी."

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"मी कशाला बोलू?" तो पावसाकडे बघत म्हणाला. "मला ते खरं व्हायला हवंय."

पन्हळीतून पाणी पडत होतं. आत कुणीतरी जेवायला बसायला हाका मारत होतं.

"मार्गशीर्षातली ऑर्डर घेतलीय मी," मी म्हटलं. "आईची सुरुवात नसेल त्यात. पहिल्या कळीपासून आपल्यालाच करावी लागेल."

"आणि पुणं?"

"पुणं कुठं जातंय?"

मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. "पण थंडीत हवा कोरडी असते. फुलं घरच्या घरी वाळतात. तुम्हाला लॅबमध्ये यायची गरजच पडणार नाही."

"पडणार नाही," मी म्हटलं. "तरी येईन."