नववा गडी

दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गावांतला बेसबॉल नॉटिंगहॅममध्ये खेळणारी ही मंडळी तशी निरुपद्रवीच. ग्लव्ह्ज नाहीत, झेल उघड्या हातांनी, आणि एका टप्प्यानंतर पकडला तरी गडी बाद. अंपायरला नीट दिसलं नाही तर तो सरळ खेळाडूलाच विचारतो, आणि खेळाडूनं खरंच सांगायचं, असा रिवाज. क्लबची सेक्रेटरी ईशिता त्यावर फार खूश असायची.

तरी त्या रविवारी दुपारी तिनं चक्क खोटं लिहिलं. आलेले आठच. सामना संपेपर्यंत नववा मैदानात उतरला नाही तर सामना रद्द, आणि आणखी एक सामना रद्द झाला की कौन्सिल मैदान काढून घेणार. तिच्या फाइलमध्ये ओहायोतल्या एका गावच्या क्लबचं त्याच काळातलं, नऊ नावांचं जुनं स्कोअरकार्ड होतं. त्यातलंच एक नाव तिनं नवव्या ओळीत उतरवलं: एझरा पूल.

"हा कोण?" कॅप्टन अंशुमननं विचारलं.

"नवीन आहे. ऑन द वे आहे."

"आर यू शुअर? नाहीतर वी आर फिनिश्ड, ईशिता."

"येईल रे."

एझराची पाळी आली की दर वेळी बाद धरत होते. शेवटचा डाव आला. आता कुठून आणायचा माणूस?

एक उंच फटका उजवीकडे गेला. तिथं कुणीच नव्हतं. झुडपांपाशी ऊन इतकं तिरपं होतं की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला.

चेंडू परत आला. सरळ, जोरात, अंशुमनच्या हातात.

"गुड थ्रो, मेट!" तळवे चोळत तो ओरडला.

अंपायर गिरीशकाकांनी उजवीकडे तोंड करून हाक दिली, "सर, वन बाउन्स?"

ते थांबले. मान हलवली.

"नॉट आउट. दोन टप्पे पडले म्हणतायत."

सामना एका धावेनं गेला. पण नऊ भरले, मैदान वाचलं! ईशिताला हसता हसता रडू फुटलं.

गिरीशकाका सही करायला आले. "सज्जन आहे हं तुमचा नववा. खोटं बोलला असता तर जिंकला असतात."

"काका, तुम्ही त्याला पाहिलंत?"

"म्हणजे काय! शेकहँड केला की आत्ता. बोटं पार वाकडी झालीयेत बिचाऱ्याची. पुढचा सामना कधी, विचारत होता. मी सांगितलं, रविवारी दोनला."

"मग?"

"म्हणाला, बाकीच्या आठांनाही घेऊन येतो." काकांनी पेनाचं टोपण लावलं. "चला, मिटली तुमची चिंता."