तिसऱ्या पॅनलवर

तुम्ही हसाल, मला ठाऊक आहे. माझी चुलतवहिनी दीक्षा स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या घरात भूतबित कुणी कधी मानलं नाही. म्हणूनच तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

२१ मे २०२५, बुधवार. तिवस्याजवळचं तिचं गाव.

वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

आदल्या दिवशीच्या वादळात विजेचे खांब पडले होते. मोबाइलचा टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आडवी. घरात दीक्षा आणि तिची सासू सत्यवतीबाई, दोघीच. सासूचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि मशीन स्लॅबवरच्या सोलरवर. शेजारचे खुशालराव सिलेंडर आणायला मोटरसायकलनं तिवस्याला गेले होते. ते येईपर्यंत सगळी भिस्त जिन्याखालच्या बॅटरीवर.

सकाळी बॅटरी चाळीस टक्के होती. ऊन कडक होतं, म्हणून दीक्षा निर्धास्त होती.

बारा वाजता तिनं इन्व्हर्टरवरचा आकडा पाहिला...

एकवीस.

वर ऊन नुसती आग ओकत होतं, आणि सोलर देत होतं जवळजवळ शून्य!

तिनं वायरी पाहिल्या. स्विच खालीवर केला. काही नाही. मग तिला फिटरचं बोलणं आठवलं. एका पॅनलवर सावली पडली तरी पॅनलची सगळी ओळ बंद पडते, असं तो म्हणाला होता.

पण सावली येणार कुठून? स्लॅबच्या आसपास ना झाड, ना टाकी.

सोळा टक्के.

ती लोखंडी जिन्यानं धावतच वर गेली... आणि जागीच थिजली.

तिसऱ्या पॅनलवर सावली होती.

माणसाची. डोक्याला दुपट्टा. हातात लांब दांड्याचं काहीतरी. हात मागे-पुढे... मागे-पुढे...

माणूस मात्र नव्हता.

दुपट्ट्याची ती गाठ तिनं ओळखली.

नागसेन. तिचा नवरा. मागच्या साली मे महिन्यात, याच जागी, भर बाराला तिनंच त्याला चिडून वर पाठवलं होतं. "रोज उद्या-उद्या करता. सगळे पॅनल पुसल्याबिगर खाली येऊ नका!"

तो आलाच नाही. उष्माघातानं वरच गेला. आपण काय बोललो होतो, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

खालून मशीनची टीं... टीं... सुरू झाली.

"अहो, सरका जी!" ती किंचाळली. "आई गुदमरून राहिली! तुमचीच आई हाये ते!"

हात थांबला नाही. मागे-पुढे... मागे-पुढे...

तिनं सावलीवर तळहात आपटले. मे महिन्यातली भर दुपार, आणि तिथली काच थंडगार होती.

ती गुडघ्यांवर कोसळली. हात जोडून रडली. आणि मग तिला कळलं, तो कशासाठी थांबलाय.

"झालं पुसणं," ती म्हणाली. "चुकलं माझं. आता... खाली या."

हात थांबला.

सावली पॅनलवरून उतरली... स्लॅबवरून सरकली... जिन्याकडे गेली.

टण्... टण्... टण्...

सगळ्या पायऱ्या वाजल्या. शेवटचीसुद्धा.

दीक्षा त्यामागून धावली. आकडा वर चढत होता. मशीनची शिट्टी बंद झाली होती, सासूच्या छातीची धापही बसली होती. दीक्षा तिचे पाय धरून ढसाढसा रडली.

सासूनं डोळे उघडले. दीक्षाच्या खांद्यामागे पाहत ती म्हणाली, "कावून उभा ठेवला व त्याले? उन्हातून आला. पाणी दे ना."

दीक्षानं मागे वळून पाहिलं नाही. पाण्याचा पेला तिनं तसाच मागच्या मागे ठेवला. चारला खुशालराव सिलेंडर घेऊन आले, तेव्हा पेला रिकामा होता.

सोलर तेव्हापासून एकदम छान चालतंय. स्लॅबवर काही नाही.

जे आहे ते घरात आहे.

रोज बाराला ती पेला भरून ठेवते. सासू दाराकडे बघत बोलत बसते. मी एकदा म्हटलं, "वहिनी, त्याला जा म्हण ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मला अजून झोपू देत नाहीत.

"कसं म्हनू, भाऊ?" ती म्हणाली. "एकदा म्हटलं होतं ना मी त्याईले, जा म्हनून."